चिकटपट्टीचे दोन तुकडे

आमच्या गल्लीत माझी कीर्ती दोन प्रकारची आहे. मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवतो, ही त्यांपैकी गौण. आणि बंद पडलेली यंत्रे बोलती करतो, ही मुख्य. गेल्या तीस वर्षांत शेक्सपिअरविषयीची एखादी शंका घेऊन शेजारचे कोणी माझ्या दाराशी आल्याचे मला स्मरत नाही; परंतु मुका झालेला रेडिओ, अडखळणारे घड्याळ किंवा हट्टाला पेटलेली इस्त्री काखोटीला मारून आलेल्या मंडळींची गणती करणे अवघड आहे. माझ्या टेबलाच्या खणात उत्तरपत्रिका तपासण्याच्या तांबड्या लेखणीशेजारी लहानमोठे पेचकस, डाख देण्याची सळई, स्पिरिटची बाटली आणि कापूस ही सारी सुखाने नांदत असतात. बिघडलेली वस्तू प्रयत्नाने नीट होते, हा जो दिलासा विद्यार्थ्यांच्या आणि स्वतःच्या स्वभावाच्या बाबतीत सहसा मिळत नाही, तो यंत्रांच्या बाबतीत मिळतो; माझ्या या नादाचे मूळ बहुधा तेवढेच असावे.

अशा माणसाच्या घरात माळ्यावर एक टेपरेकॉर्डर पंचवीस वर्षांहून अधिक काळ बिघडलेल्या स्थितीत पडून होता. येणारेजाणारे त्याकडे बोट दाखवून ‘दिव्याखाली अंधार’ म्हणत, आणि मीही हसून मान डोलावत असे. सारी गल्ली दुरुस्त करून झाल्यावर आपल्या घराची पाळी, असे काहीतरी मी म्हणे. ते खरे नव्हते. तो टेपरेकॉर्डर बिघडलेलाच राहण्यात माझा स्वार्थ होता.

गेल्या ज्येष्ठात एके रात्री माझ्या मुलीचा बंगळूरहून दूरध्वनी आला. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, नुकतीच दोन वर्षांची झाली आहे, आणि बोलण्याच्या बाबतीत सध्या तिने ताळतंत्र सोडले आहे. पाण्याला एक शब्द, पावसाला तोच, आणि आंघोळीलाही तोच! हे सारे कौतुकाने सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, मी या वयात कशी बोलत होते? ती कॅसेट आहे ना तुमच्याकडे? एवढा तो टेप दुरुस्त करा आणि मला पाठवा.”

‘ती कॅसेट’ ही आमच्या घरातील एक दंतकथाच होऊन बसली होती. मुलगी १९९६ साली जन्मली. संसारातील प्रत्येक प्रसंगाला हातात यंत्र घेऊन हजर राहायचे, अशी त्या काळी माझी प्रतिज्ञा होती. बारशाला मी कॅमेरा घेऊन पाळण्यापेक्षा उंच अशा स्टुलावर उभा होतो. पुढे संक्रांतीनंतर तिचे बोरन्हाण झाले. हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलेल्या त्या एवढ्याशा जिवाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि रेवड्या ओतल्या गेल्या, गल्लीतील पोरे त्यांवर तुटून पडली, आणि मी छत्तीस छायाचित्रे घेतली. चार दिवसांनी छायाचित्रकाराने मला कोरी फीत परत केली. फितीचे टोक कॅमेऱ्यातील रिळात अडकलेच नव्हते. बटण छत्तीस वेळा दाबले गेले, परंतु फीत जागची हलली नव्हती. घरातील सर्वांना ते बोरन्हाण आजही आठवते. मला आठवतो तो कॅमेऱ्याच्या खिडकीतून दिसलेला एक चौकोन, आणि त्यातही माझे लक्ष प्रकाश पुरेसा आहे की नाही, इकडेच होते.

त्यानंतर मी ध्वनिमुद्रणाकडे वळलो. आवाज धरून ठेवण्याच्या विद्येचा इतिहास मला पाठ होता. एडिसनने १८७७ साली कथलाच्या पातळ पत्र्यावर स्वतःचा आवाज उमटवून यंत्राकडून तो परत वदवून घेतला, तेव्हा त्याने उच्चारले ते एक साधे बालगीत होते. तो मूळ पत्रा टिकला नाही. पन्नास वर्षांनी, १९२७ साली, ऐंशी वर्षांच्या एडिसनने तेच शब्द पुन्हा म्हणून दाखवले, आणि आज जग ऐकते तो तो दुसरा आवाज. चुंबकाच्या साहाय्याने पोलादी तारेवर आवाज साठवण्याची युक्ती डेन्मार्कच्या वाल्डेमार पौलसेनने १८९८ साली शोधून काढली. पुढे तारेची जागा फितीने घेतली, आणि १९६३ साली फिलिप्स कंपनीने ती फीत तळहातावर मावेल अशा डबीत घालून घरोघर पोचवली. पौलसेनच्या शोधाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९९८ साली मी आमच्या घरात माझ्या मुलीचा आवाज साठवू लागलो, याचा मला केवढा अभिमान वाटत असे! तो योगायोग मी भेटेल त्याला ऐकवत असे.

नव्वद मिनिटांची ती कॅसेट भरायला मला सहा महिने लागले. कधी पाच मिनिटे, कधी दहा. तिने टोमॅटोला काय म्हटले, चंद्राला काय म्हटले, झोपताना आजीने सांगितलेली चिऊकाऊची गोष्ट उलट आजीला कशी ऐकवली, असे सारे त्यात होते. दोन्ही बाजू भरल्यावर मी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन बारीक प्लॅस्टिकचे दात पेचकसाने मोडून टाकले. ज्यांनी ही यंत्रे वापरली आहेत त्यांना त्याचा अर्थ ठाऊक असेल. ते दात मोडले म्हणजे यंत्राचे मुद्रणाचे बटण दाबताच येत नाही, आणि फितीवरचा मजकूर चुकूनही पुसला जात नाही. मी कॅसेटवर मुलीचे नाव आणि साल सुवाच्य अक्षरांत लिहिले, आणि ती कपाटात ठेवून दिली.

‘चुकूनही पुसला जात नाही’ असे मी वर म्हटले. मी तो चुकून पुसला नाही.

१९९९ च्या पावसाळ्यातील एक शनिवार होता. आकाशवाणीवर १९५२ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय संगीत सभेत त्या रात्री एका दिवंगत गवयाचे जुने गायन लागणार असल्याचे मला ऐन वेळी कळले. त्या गवयाचे गाणे मी विद्यार्थिदशेत एकदाच समोर बसून ऐकले होते, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते वारले. घरात कोरी कॅसेट नव्हती. बाहेर धो धो पाऊस, दुकाने बंद. मी कपाट उघडले. इतर कॅसेटींवर दुसऱ्या गवयांची गाणी होती. त्यांतली एखादी पुसणे मला अधर्म वाटला. मग हात त्या कॅसेटवर गेला.

त्या क्षणी मी स्वतःशी केलेला युक्तिवाद मला अक्षरशः आठवतो, कारण तो मला त्या वेळी फार तर्कशुद्ध वाटला होता. गवई गेले, ते आता पुन्हा गाणार नाहीत. मुलगी तर घरातच आहे. ती उद्याही बोलणार, परवाही बोलणार, किंबहुना तिने बोलणे थांबवावे म्हणून आपणच तिची मनधरणी करतो. तेव्हा दुर्मीळ ते राखावे आणि विपुल ते खर्चावे, हेच शहाणपण. मोडलेल्या दातांच्या दोन खाचा बुजवल्या की यंत्र पुन्हा मुद्रण करू लागते. मी चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले, खाचांवर चिकटवले आणि बटण दाबले.

टेपरेकॉर्डरच्या पोटात फीत एका विशिष्ट क्रमाने सरकते. प्रथम ती पुसणाऱ्या चुंबकासमोरून जाते आणि त्यानंतर लिहिणाऱ्या. त्यामुळे नवे उमटण्यापूर्वी जुने निघून गेलेले असते. या क्रियेला आवाज नाही. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो, बिहाग चालला होता, आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने माझी अडीच वर्षांची मुलगी नाहीशी होत होती.

माझा युक्तिवाद किती पोकळ होता हे कळायला फार दिवस लागले नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी नवी कॅसेट आणून मुलीसमोर ठेवली. ती आता तीन वर्षांची झाली होती. टोमॅटोला ती ‘टोमॅटो’ म्हणाली आणि चंद्राला ‘चंद्र’. ती बोलत होती, भरपूर बोलत होती. परंतु त्या फितीवर जी बोलत होती ती मुलगी घरात कुठेच नव्हती. गवई गेले होते तितक्याच निश्चितपणे तीही गेली होती. फरक एवढाच की, तिच्या जाण्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात आली नव्हती. आणि दैवाचा विनोद असा की, त्या रात्रीचे ते गायन आज माझ्या हातातील दूरध्वनीवर बोट टेकवताच ऐकू येते. जे दुर्मीळ समजून मी राखले ते जगाने माझ्यापेक्षा चांगले राखले होते. जे राखणारा मी एकटाच होतो, ते मात्र मीच पुसून टाकले.

त्यानंतर महिन्याभरात टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला. ती दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मी ती केली नाही. कोणी कॅसेट मागितली की, “टेप बिघडला आहे,” असे सांगता येऊ लागले. पाचव्या वाढदिवसाला सांगितले, शाळा संपली तेव्हा सांगितले, लग्नाच्या आदल्या रात्री भाचेमंडळींनी हट्ट धरला तेव्हाही सांगितले. वर्गात मॅकबेथच्या अपराधी मनाचे विवेचन करताना माझा आवाज किंचित कातर होत असे, आणि विद्यार्थी त्याचे श्रेय माझ्या रसिकतेला देत.

परंतु या वेळी मागणी निराळी होती. आता मागणारी स्वतः आई झाली होती, आणि तिला आपल्या मुलीच्या बोलण्याशेजारी स्वतःचे बोलणे ठेवून पाहायचे होते. मी तिला “बघतो” म्हणालो, आणि रात्रभर जागा राहिलो. सकाळी ठरवले की, टेप दुरुस्त करायचा, फितीवर काय आहे ते एकदा आपल्या कानांनी ऐकायचे, आणि मग तिला सारे सांगून टाकायचे. गुन्ह्याची कबुली देण्यापूर्वी मुद्देमाल डोळ्यांखालून घालावा, इतकाच माझा हेतू होता.

माळ्यावरून यंत्र खाली काढले. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. तो खरवडून काढण्यात एक सकाळ गेली. मुद्रणाचे चुंबक स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. कॅसेट उघडली तर फितीला मागून दाबून धरणारी लोकरी कापडाची बारीक गादी पितळी पट्टीवरून गळून पडलेली. तिच्या जागी नवी चिकटवली. सैल पडलेली फीत, आम्ही पूर्वी करत असू त्याप्रमाणे, सहा कडांची पेन्सिल चाकाच्या दात्यांत घालून गुंडाळून घेतली. चिकटपट्टीचे ते दोन तुकडे पिवळे पडून खाचांवर अजून तसेच होते.

पहिल्या बाजूवर गाणे होते. दुसऱ्या बाजूवरही गाणे होते. मी शिक्षा भोगावी तसा ते सारे ऐकत बसलो. अखेरीस टाळ्या झाल्या, निवेदिकेने दोन वाक्ये उच्चारली, खट्ट असा आवाज झाला; म्हणजे त्या रात्री मी तेथे बटण बंद केले होते. मी यंत्राकडे हात नेला, आणि त्याच क्षणी आतून कुकरची शिट्टी वाजली. आमच्या स्वयंपाकघरातील नव्हे; फितीवरील.

गाणे फीत संपण्यापूर्वी चार मिनिटे संपले होते. तेवढी फीत, म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर, पुसायची राहून गेली होती.

त्या चार मिनिटांत टोमॅटो नाही, चंद्र नाही, गोष्टही नाही. प्रथम ऐकू येतो तो माझाच आवाज, तिशीतला, उतावीळ आणि थोडासा चढलेला. “नाव सांग. पूर्ण नाव. या लाल दिव्याकडे बघून सांग.” मग थोडी शांतता, आणि मग एक बारीक आवाज: “बाबा, तू सांग.”

मी यंत्र थांबवले. ती मला ‘तू’ म्हणत होती! माझी मुलगी मला ‘अहो बाबा’ म्हणते. गेली पंचवीस वर्षे ‘तुम्ही कसे आहात’, ‘तुम्ही औषध घेतलंत का’ असेच तिचे बोलणे आहे, आणि ते पहिल्यापासून तसेच होते अशी माझी समजूत होती. एके काळी मी तिचा ‘तू’ होतो, हे मी साफ विसरून गेलो होतो. नव्वद मिनिटे जपून ठेवण्यासारखे काय काय होते याची यादी माझ्याजवळ होती. तीत हा एकाक्षरी शब्द नव्हता.

मी पुन्हा बटण दाबले. “आधी तू सांग,” मी म्हणतो. “बाबा, तू ये ना इकले.” “येतो. आधी नाव.” इतक्यात लांबून, बहुधा देवघरातून, माझ्या आईचा आवाज येतो: “अगं, बाबांना तू नाही म्हणायचं. अहो म्हणावं.” माझी आई २००८ साली गेली. तिचा आवाज कुठे शिल्लक असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. आणि आजीची ती शिकवण शिरसावंद्य मानून ती पोर म्हणते, “अहो बाबा, तू ये ना!”

“आधी नाव,” मी पुन्हा म्हणतो. आणि तेथे फीत संपते. त्यानंतर मी यंत्र बाजूला ठेवून तिच्याकडे गेलो की नाही, हे मला आठवत नाही. आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या मला कळले नाही. मी त्यांना सारी हकीकत सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. “मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “त्या रात्री चिकटपट्टीचं टोक तुम्हाला सापडत नव्हतं. मीच नखानं काढून दिलं. तेव्हा नाही कळलं कशाला हवी ती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गाणं लावलंत आणि मी कॅसेटवरचं नाव वाचलं.” मी विचारले, “मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “तुम्ही टेप दुरुस्त करत नव्हता ना. म्हटलं, जाणवलंय तुम्हाला. आणखी काय बोलायचं?”

त्या रात्री मी मुलीला दूरध्वनी केला आणि काहीही आडपडदा न ठेवता सांगितले. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग ती म्हणाली, “म्हणजे पंचवीस वर्षं टेप मुद्दाम बिघडलेला?” मी हो म्हटले. “बाबा, हे त्याच्याहून वाईट आहे,” ती म्हणाली. आणि ते खरेच होते. पुसण्याची चूक एका रात्रीची होती. लपवण्याची मी दरवर्षी नव्याने करत होतो. मी ती चार मिनिटे तिला पाठवली. उत्तर त्या रात्री आले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. तिचा घसा बसलेला होता. “आजीचा आवाज मी विसरले होते,” एवढेच ती प्रथम म्हणाली. थोड्या वेळाने हसून म्हणाली, “आणि मी तुला... तुम्हाला...” ‘तू’ म्हणून पाहण्याचा तिने दोनदा प्रयत्न केला. आम्हा दोघांनाही इतका संकोच वाटला की, आम्ही मुकाट्याने ‘तुम्ही’वर परत आलो. काही वस्तू सापडतात, परंतु पुन्हा वापरता येत नाहीत.

वाचक म्हणतील, आता हा प्रश्नच उरलेला नाही. हल्लीच्या आईबापांच्या हातातील यंत्राला फीत नाही, दात नाहीत, चिकटपट्टीही लागत नाही. नातीचे बोलणे दररोज मुद्रित होते आणि त्यासाठी काहीच पुसावे लागत नाही. हे मला मान्य आहे, आणि माझ्या मुलीच्या हातून माझ्यासारखा अपराध घडणार नाही याचा मला आनंदच आहे. परंतु काय जपावे याची आपली यादी आणि काय नाहीसे होणार याची काळाची यादी या दोन्ही निराळ्या असतात, ही अडचण कोणत्याही यंत्राने दूर केलेली नाही. लाल दिवा माझ्याही यंत्रावर चांगला लागला होता. दिव्यापलीकडून मला जे बोलावणे येत होते, ते मी ‘आधी नाव’ म्हणून थोपवून धरले होते.

दिवाळीत मुलगी आणि नात आल्या होत्या. पाडव्याच्या दिवशी दुपारी मी एका शेजाऱ्याचा रेडिओ उघडून बसलो होतो. पेचकस एका हातात, स्क्रू दुसऱ्या हाताच्या तळव्यावर. नात अंगणात रांगोळीपाशी उकिडवी बसली होती. तिने मान वर करून हाक मारली, “ए आजोबा, तू ये!”

सौभाग्यवती पणत्यांत वाती घालत होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “असं नाही म्हणायचं राणी, अहो आजो—” मी हात वर करून त्यांना थांबवले. हातातले स्क्रू बशीत ठेवले, आणि उठून अंगणात गेलो. रेडिओ दोन दिवस तसाच उघडा पडला होता. शेजारी विचारायला आले, तेव्हा मी त्यांना सांगितले की, वेळ लागेल.